साक्ष : ‘नीलदर्पण’ खटला आणि रेव्हरंड जेम्स लाँग

‘साक्ष’ या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. एक न्यायालयात आणि दुसरे प्रार्थनामंदिरात. न्यायालयातील साक्ष म्हणजे स्वतः पाहिलेले किंवा ऐकलेले शपथेवर सांगणे. ख्रिस्ती मंडळींच्या बोलीत साक्ष देणे म्हणजे ज्या सत्यावर आपला विश्वास आहे ते आपल्या जगण्यातून प्रकट करणे. दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे. तथापि, शेजाऱ्यावर अन्याय होत असताना खरी साक्ष न देता गप्प राहणे हेही त्या आज्ञेचे उल्लंघन ठरते काय, हा प्रश्न ख्रिस्ती विवेकापुढे अनेकदा उभा राहिला आहे. जुलै १८६१ मध्ये कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात हा प्रश्न एका आयरिश पाद्र्याच्या रूपाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. ज्या बंगाली नाटकाच्या इंग्रजी भाषांतरामुळे हा खटला झाला त्याची हकिगत साहित्याच्या इतिहासात सांगितली जाते. परंतु तिच्यातील सत्याच्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

प्रथम नीळ आणि तिची लागवड करणारी रयत यांची स्थिती पाहिली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील कापडगिरण्यांना लागणाऱ्या निळीचा फार मोठा भाग खालच्या बंगालातून जात असे. नदिया, जेसोर, पबना, फरीदपूर, राजशाही या जिल्ह्यांत युरोपीय मळेवाल्यांच्या कोठ्या पसरल्या होत्या. मळेवाला स्वतःच्या जमिनीत मजुरांकरवी नीळ पिकवी, पण तो भाग थोडा होता. बहुतेक नीळ रयतेच्या शेतातच होई. त्यासाठी कोठीकडून बिघ्यामागे साधारण दोन रुपये उचल दिली जाई. तिला ‘दादन’ म्हणत. एकदा दादन घेतले की चांगल्यातली चांगली जमीन निळीखाली घालावी लागे. पीक कोठीवर आणून दिल्यावर मोजणी कोठीचे नोकर करीत, भाव कोठी ठरवी, आणि हिशेबाच्या अखेरीस रयतेकडे बहुधा काही ना काही बाकी निघे. ती बाकी बापाकडून मुलाकडे वारशाने जाई. अठराशे पन्नासनंतरच्या दशकात भाताचा भाव चढत गेला, निळीचा मात्र जवळपास तेथेच राहिला. म्हणजे नीळ पेरणे हे रयतेच्या दृष्टीने उघड नुकसान होते. मग ती पेरली का जात होती? कोठीचे लाठियाल होते, कोंडून ठेवण्यासाठी गुदामे होती, आणि ‘श्यामचांद’ या नावाने ओळखला जाणारा चामड्याचा आसूड होता.

परंतु या व्यवस्थेचा कणा केवळ लाठी नव्हता. तो कागद होता. करारपत्रावर रयतेचा अंगठा असे. त्यावर काय लिहिले आहे हे तिला वाचता येत नसे, आणि कित्येकदा कोऱ्या मुद्रांकित कागदावरच अंगठा घेतला जाई. तंटा न्यायालयात गेला की हा कागद बोले आणि माणूस गप्प बसे. शिवाय ब्रिटिश मळेवाल्यावर फौजदारी फिर्याद करायची, तर जिल्ह्याच्या न्यायालयाचा उपयोग नव्हता. ती कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातच चाले. जेसोरच्या शेतकऱ्याने साक्षीदार घेऊन कलकत्ता गाठावे, ही अपेक्षाच न्याय नाकारणारी होती. अशा रीतीने खोटा कागद कायद्याच्या लेखी खरा ठरला, आणि खरे बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायला जागाच उरली नाही.

या प्रदेशात मिशनरी होते. चर्च मिशनरी सोसायटीचे नदिया जिल्ह्यातील कृष्णनगर हे एक मोठे केंद्र होते, आणि तेथे काम करणाऱ्यांत जर्मन मिशनऱ्यांचा भरणा होता. मिशनरी आणि मळेवाले यांचे संबंध सुरुवातीपासून विरोधाचे होते असे मानणे चुकीचे ठरेल. दूरच्या मुलुखात दोघेच युरोपीय. एकमेकांकडे जाणे-येणे, जेवणखाण, शाळेसाठी मळेवाल्याने दिलेली देणगी, हे सारे तेथे होते. गप्प राहण्याची किंमत या पाहुणचारातच दिली जात होती. पण खेडोपाडी हिंडणाऱ्या मिशनऱ्याला रयतेची स्थिती न दिसणे अशक्य होते. तिच्या दृष्टीने मळेवालाही ख्रिस्ती आणि उपदेश करणारा पाद्रीही ख्रिस्ती. दयेचा हा उपदेश आधी कोठीवर जाऊन करावा, असे तिला वाटले तर त्यात नवल नव्हते. १८५५ मध्ये बंगालमधील प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची परिषद कलकत्त्यास भरली, तेव्हा कृष्णनगर मिशनमधील रेव्हरंड शुर यांनी नीळपद्धतीवर निबंध वाचला. आपल्या धर्मप्रसारातील अडथळा दूर करणे हाही मिशनऱ्यांचा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. पण हेतू संमिश्र असला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही.

१८५९ मध्ये रयतेने नीळ पेरण्याचे नाकारले. बारासातचे मॅजिस्ट्रेट ॲश्ली ईडन यांनी स्वतःच्या जमिनीत काय पेरावे हे ठरविण्याचा अधिकार रयतेचा आहे, असा निर्वाळा दिला. कलारोआचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट हेमचंद्र कर यांनी त्याच अर्थाचा परवाना काढला. ही बातमी गावोगाव पसरली. नदिया जिल्ह्यातील चौगाछाचे विष्णुचरण विश्वास आणि दिगंबर विश्वास हे पूर्वी कोठीच्या नोकरीत होते. तेच आता रयतेचे पुढारी झाले. गावकऱ्यांनी लाठियालांचा सामना केला, खटल्यांसाठी पैसा जमविला, आणि ‘नीळ पेरणार नाही’ एवढ्या एका वाक्यावर लाखो माणसे ठाम राहिली. मार्च १८६० च्या अखेरीस सरकारने सहा महिन्यांसाठी एक कायदा केला. त्यानुसार करार मोडणाऱ्या रयतेला शिक्षा होऊ लागली आणि तुरुंग भरले. त्याच कायद्याने चौकशी आयोगही नेमला गेला.

हा आयोग मे ते ऑगस्ट १८६० या काळात बसला. डब्ल्यू. एस. सीटन-कार हे त्याचे अध्यक्ष. मळेवाल्यांतर्फे फर्ग्युसन, मिशनऱ्यांतर्फे रेव्हरंड सेल आणि ब्रिटिश इंडियन असोसिएशनतर्फे चंद्रमोहन चतर्जी हे सदस्य होते. आणखी एक सदस्य होते रिचर्ड टेंपल. पुढे १८७७ ते १८८० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले आणि दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करण्याच्या धोरणामुळे महाराष्ट्राच्या स्मरणात राहिलेले टेंपल ते हेच. आयोगापुढे शंभराहून अधिक साक्षी झाल्या. अधिकारी, मळेवाले, जमीनदार, मिशनरी यांच्याबरोबर रयतेचीही साक्ष घेण्यात आली, आणि तिच्या साक्षीदारांची संख्या मोठी होती. आजवर अंगठ्यापुरता ज्याचा कायद्याशी संबंध येई, त्या माणसाचे शब्द येथे सरकारी दप्तरात लिहिले गेले, ही या आयोगाची खरी कामगिरी. नीळपद्धती ही मुळातच सदोष आणि जुलमावर उभी आहे, असाच त्याच्या अहवालाचा निष्कर्ष होता. त्याच पावसाळ्यात लेफ्टनंट गव्हर्नर जॉन पीटर ग्रँट कुमार आणि कालीगंगा या नद्यांतून प्रवास करीत असता, साठ-सत्तर मैलांपर्यंत दोन्ही तीरांवर लोक न्याय मागत उभे असलेले त्यांनी पाहिले व तसे नोंदवूनही ठेवले.

शहरात रयतेची बाजू मांडणारा माणूस म्हणजे ‘हिंदू पेट्रियट’चे संपादक हरिश्चंद्र मुखर्जी. लष्करी हिशेब खात्यात नोकरी करून ते हे पत्र चालवीत. त्यांचे भवानीपूरचे घर खेड्यांतून आलेल्या रयतेला सदैव उघडे असे. अर्ज लिहून देणे, वकील गाठून देणे, जेवू घालणे हे तेथे नित्य चाले. या श्रमांनी खंगून १४ जून १८६१ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. एका मळेवाल्याने त्यांच्यावर लावलेला बदनामीचा दावा त्यानंतरही थांबला नाही. तो त्यांच्या विधवेवर चालू ठेवण्यात आला.

याच वातावरणात ‘नीलदर्पण’ हे नाटक १८६० मध्ये ढाक्यास छापले गेले. लेखकाचे नाव त्यावर नव्हते. दीनबंधू मित्र हे टपालखात्यात नोकर होते आणि त्या निमित्ताने त्यांचे नीळ-मुलुखात हिंडणे झाले होते. गोलोक बसू या सुस्थित गृहस्थाच्या कुटुंबाचा नाश हा नाटकाचा विषय आहे. खोट्या फिर्यादीने गोलोक तुरुंगात जातो आणि तेथे गळफास लावून घेतो. त्याचा मुलगा नवीनमाधव मळेवाल्याच्या मारहाणीने मरतो. आई सावित्री वेडी होऊन आपल्याच सुनेचा जीव घेते. शेतकऱ्याची गरोदर मुलगी क्षेत्रमणी हिच्यावर रोग नावाचा साहेब हात टाकतो आणि तीही वाचत नाही. या भद्र कुटुंबाइतकाच, किंबहुना अधिक जिवंत वाटतो तो तोराप हा मुसलमान शेतकरी. मार खाऊनही तो खोटी साक्ष द्यायला तयार होत नाही. नाटककाराने सत्यनिष्ठा कोणाच्या ठिकाणी दाखविली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

नाटकाची प्रस्तावनाही तितकीच धारदार होती. तीत मळेवाल्यांची तळी उचलणाऱ्या दोन वृत्तपत्रांचा उल्लेख आला आहे. तीस नाण्यांसाठी येशूला शत्रूंच्या हाती देणाऱ्या यहुदाची आठवण देऊन, हजार रुपयांच्या आशेने या संपादकांनी गरीब प्रजेला मळेवाल्यांच्या तोंडी दिले तर आश्चर्य कसले, असे नाटककाराने विचारले आहे. एका हिंदू लेखकाने राज्यकर्त्यांना त्यांच्याच धर्मग्रंथाच्या मापाने मोजले. वृत्तपत्रवाल्यांना जे सर्वाधिक झोंबले ते हेच माप.

जेम्स लाँग यांचा जन्म १८१४ साली आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात झाला. चर्च मिशनरी सोसायटीतर्फे ते १८४० मध्ये कलकत्त्यास आले. तेथील शाळेत आणि पुढे शहराच्या दक्षिणेस ठाकुरपुकुर येथे त्यांनी काम केले. शिक्षण मातृभाषेतून झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. बंगाली म्हणी त्यांनी जमविल्या. १८५५ मध्ये चौदाशे बंगाली पुस्तकांची आणि पुस्तिकांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. बंगाली ग्रंथांच्या इतिहासाचा अभ्यासक तिच्याकडे आजही वळतो. ही केवळ विद्वत्तेची हौस नव्हती. राज्यकर्ते ज्यांच्यावर राज्य करतात ते आपापसात काय बोलतात, काय वाचतात, कशाने दुखावतात हे देशी भाषेतील लेखनावाचून कळणार नाही, अशी त्यांची धारणा होती. १८५७ च्या उठावाने ती अधिक दृढ केली.

‘नीलदर्पण’ लाँग यांच्या वाचनात आले तेव्हा त्यांनी ते बंगाल सरकारचे सचिव म्हणून काम पाहणाऱ्या सीटन-कार यांच्या नजरेस आणले. ग्रँट यांनी इंग्रजी भाषांतर पाहण्याची इच्छा दर्शविली. भाषांतर एका बंगाली माणसाने केले. तो मायकेल मधुसूदन दत्त होता असे परंपरेने मानले जाते, अलीकडच्या काही अभ्यासकांनी त्याविषयी शंकाही घेतली आहे. लाँग यांनी भाषांतर तपासले, काही ग्राम्य जागा सौम्य केल्या, आणि आपला प्रास्ताविक मजकूर जोडला. सी. एच. मॅन्युएल यांच्या छापखान्यात पाचशे प्रती निघाल्या. त्यांतील २०२ प्रती सरकारी पाकिटांतून हिंदुस्थानात व इंग्लंडमध्ये पाठविल्या गेल्या. इतके घडेल याची ग्रँट यांना कल्पना नव्हती. मळेवाल्यांच्या संघटनेला मात्र हे सरकारी शिक्क्याने केलेले आपले धिंडवडे वाटले.

खटला प्रथम मुद्रकावर झाला. मॅन्युएल यांनी लाँग यांच्या संमतीने त्यांचे नाव सांगितले आणि ते दहा रुपये दंडावर सुटले. त्यानंतर ‘इंग्लिशमन’चे संपादक वॉल्टर ब्रेट आणि मळेवाले यांच्या वतीने लाँग यांच्यावर फौजदारी बदनामीचा खटला उभा राहिला. १९, २० आणि २४ जुलै १८६१ असे तीन दिवस तो न्यायमूर्ती सर मॉर्डंट वेल्स यांच्यापुढे चालला. आरोप दोन होते. पहिला संपादकांच्या बदनामीचा आणि दुसरा मळेवाल्यांच्या बदनामीचा. ज्युरीत युरोपीयांचे प्राबल्य होते. निळीच्या मुलुखात काय घडत होते, हा न्यायालयापुढील प्रश्न नव्हताच. आयोगाच्या अहवालात जे सविस्तर नोंदले गेले होते ते नाटकात आले की निंदा ठरते काय, एवढाच प्रश्न होता. ज्युरीने लाँग यांना दोषी ठरविले.

शिक्षेपूर्वी लाँग यांनी निवेदन केले. आपण पैशासाठी किंवा द्वेषासाठी हे केले नाही. एतद्देशीयांच्या मनात काय आहे ते राज्यकर्त्यांच्या कानी घालणे हे आपले कर्तव्य समजतो. पुन्हा एखादा उठाव झाल्यावर पश्चात्ताप करण्यापेक्षा आधीच सावध होणे बरे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांनी काय सांगितले यापेक्षा काय सांगितले नाही, याचे मोल कमी नाही. भाषांतर कोणी केले हे त्यांनी उघड केले नाही, आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या आड ते लपले नाहीत. येथे एक सूक्ष्म भेद करावा लागतो. स्वतःच्या बचावासाठी सत्य सांगणे वेगळे, आणि दुर्बलाच्या रक्षणासाठी सत्याचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेणे वेगळे. भाषांतरकाराचे नाव बाहेर आले असते तर त्या बंगाली माणसाचे काय झाले असते, हे लाँग जाणून होते. त्यांचे मौन असत्याचे मौन नव्हते. साक्षीदार पुढे आला होता, म्हणूनच इतरांना मागे राहता आले.

एक महिना कैद आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी तत्काळ भरली. महाभारताचे बंगालीत भाषांतर करवून ते लोकांत वाटणारे ते हे तरुण जमीनदार. मुसलमान शेतकऱ्याचा सच्चेपणा रंगविणारे हिंदू लेखकाचे नाटक, ते इंग्रजीत आणल्याबद्दल कैदेत गेलेला ख्रिस्ती पाद्री, आणि त्याचा दंड भरणारा हिंदू गृहस्थ असे हे चित्र आहे. तुरुंगात लाँग यांना भेटणाऱ्यांची रीघ लागली. हरीश अकाली गेला आणि लाँग बंदिवान झाला, अशी हळहळ लोकगीतांतून उमटली आणि निळीच्या मुलुखात ती गाणी फिरू लागली.

या खटल्याला आणखी एक कडवट बाजू होती. न्यायमूर्ती वेल्स हे न्यायासनावरून बंगाली समाज खोटारडा आहे, शपथेवर खोटे बोलणारा आहे, अशा आशयाचे उद्गार वारंवार काढीत. एका संपूर्ण समाजाची ही बदनामी कोणत्याही कायद्यात बसत नव्हती. संपादकांची आणि मळेवाल्यांची बदनामी मात्र गुन्हा ठरली. ऑगस्ट १८६१ मध्ये राजा राधाकांत देव यांच्या घरी मोठी सभा भरून वेल्स यांच्याविरुद्ध अर्ज करण्याचे ठरले. सनातनी आणि सुधारक तीत एकत्र आले होते.

लाँग यांचे मोठेपण मानताना काही गोष्टी नजरेआड करता येणार नाहीत. निळीचा लढा रयतेने लढविला. लाँग यांचे भाषांतर बाहेर पडण्यापूर्वीच तिने नांगर थांबविला होता. लाँग एक महिना कैदेत होते आणि त्यांच्या नावाची स्मृती राहिली. १८६० च्या कायद्याखाली कैद झालेल्या शेतकऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. लाँग साम्राज्याचे विरोधक नव्हते. राज्य टिकावे म्हणून त्याने न्यायी व्हावे, अशी त्यांची भूमिका होती. नीळ नाकारल्यानंतर जमीनदारीचे हक्क असलेल्या मळेवाल्यांनी खंडवाढीचे शस्त्र उपसले, आणि रयतेचा पुढला काळ त्या खटल्यांत गेला. सीटन-कार यांना सरकारी ठपका सोसावा लागला व सचिवपद सोडावे लागले. खालच्या बंगालातील निळीचा धंदा मात्र त्यानंतर सावरला नाही. तो बिहारकडे सरकला, आणि १९१७ मध्ये चंपारणात गांधीजींपुढे नीळ-रयतेच्या साक्षी पुन्हा एकदा लिहून घ्याव्या लागल्या.

मग या प्रकरणात ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा कोणता? लाँग यांनी रयतेचे दुःख धर्मप्रसाराचे साधन केले नाही. ‘नीलदर्पण’ ख्रिस्ती नाटक नाही. आणि त्यात ख्रिस्ती नाव मिरविणाऱ्यांना यहुदाच्या रांगेत बसविले आहे. सोयीचा विचार करणाऱ्या पाद्र्याने हे नाटक दूर ठेवले असते, किंवा निदान ते वाक्य गाळले असते. लाँग यांनी ग्राम्य शब्द गाळले, आरोप गाळला नाही. आपल्या धर्माची, आपल्या वंशाची आणि आपल्या राज्यकर्त्यांची लाज झाकण्यापेक्षा शेजाऱ्याविषयी खरी साक्ष देणे त्यांनी श्रेष्ठ मानले. आणि ती साक्ष त्यांनी स्वतःच्या शब्दांत दिली नाही, हे विशेष. गरिबांच्या वतीने बोलणारे पुष्कळ असतात. गरिबांविषयी त्यांच्याच भाषेत जे बोलले गेले ते सत्ताधाऱ्यांच्या भाषेत पोहोचवून मागे सरणारे थोडे. लाँग मागे सरले, ते फक्त दोष स्वीकारण्यासाठी पुढे आले.

नाटकाचे पुढील आयुष्य मोठे आहे. ७ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यात नॅशनल थिएटरने आपल्या सार्वजनिक प्रयोगांचा आरंभ ‘नीलदर्पण’नेच केला. १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला, त्याच्या पार्श्वभूमीचा विचार करताना या नाटकाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. लाँग १८७२ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले आणि १८८७ मध्ये लंडन येथे वारले. कलकत्त्याच्या दक्षिण भागात ठाकुरपुकुरकडे जाणाऱ्या एका लांबलचक रस्त्याला आज जेम्स लाँग सरणी असे नाव आहे. ज्या शहरात त्यांना बदनामीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, त्याच शहराने हे नाव पत्त्यापत्त्यांत लिहिण्यासाठी निवडले. न्यायालयाचा निकाल दप्तरात राहिला; साक्षीचा निकाल लोकांनी दिला.